बसवलेलं गिऱ्हाईक

चैत्र लागला तेव्हा पांगरखेड्याच्या रस्त्याचं काम निम्म्यावर आलं होतं. साल त्र्याहत्तरचं. विहिरींचे तळ उघडे पडलेले, रानात जनावराच्या तोंडाला लागेल असं धसकटही उरलेलं नव्हतं, आणि सिन्नरच्या अंगाच्या सात-आठ गावांतली माणसं उन्हात ओळीनं बसून सरकारी खडी फोडत होती. बायांची ओळ वेगळी, गड्यांची वेगळी. दुपारी खायला वाटायच्या सुकडीचं पोतं फुटायचं, तेव्हा तेवढ्यापुरता हातोड्यांचा आवाज थांबायचा.

नवसाबाई त्या ओळीत पौषापासून बसत होती. नवरा गोटीराम बैलजोडी घेऊन निफाडकडच्या छावणीत जाऊन राहिला होता. बैल जगले तर पुढं शेत होतं, म्हणून तो बैलांबरोबरच चाऱ्याच्या गंजीखाली झोपत होता. एकुलत्या लेकीचं लग्न दोन वर्षांमागं होऊन गेलेलं. घरात नवसाबाई आणि तिची सासू कुसाबाई, दोघीच.

ट्रकातून दगड खाली ढकलत होते तेव्हा एक धोंडा ढिगावरून घरंगळला आणि नवसाबाईच्या उजव्या हातावर आला. अंगठ्याचं नख उपटून गेलं. संध्याकाळपर्यंत अंगठा वांग्याएवढा झाला. मुकादम वाईट माणूस नव्हता. त्यानं पाणी ओतलं, स्वतःच्या रुमालाची चिंधी बांधली आणि सांगितलं, की हात बरा होईस्तोवर हजेरी लागायची नाही.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या आधी कुसाबाईनं कोपऱ्यातला हातोडा उचलला.

"आत्या, तुम्ही नका जाऊ," नवसाबाई म्हणाली.

"बसूनच फोडायचीय. बसता येतं मला."

कुसाबाईची साठी उलटली होती. अंगानं वाळकी, पण आवाजाला खणखणीत. सिन्नरच्या बाजारात तिचं नाव होतं. गावातल्या बाया भांडं घ्यायचं असलं, बांगड्या भरायच्या असल्या, की कुसाबाईला बरोबर न्यायच्या. ती दुकानासमोर उकिडवी बसायची, माल हातात घ्यायची, खाली ठेवायची, उठून चार पावलं चालायची. दुकानदार हाक मारून परत बोलवायचा. आजवर तिला कुणी बाजारात फसवल्याचं गावाला माहीत नव्हतं.

ती आता खडीवर बसू लागली. दगडाच्या कपच्या उडून नडग्या सोलवटल्या. खाली पोतं अंथरलं तरी लुगडं बसल्या जागी विरत गेलं, मांडीवर भोकं पडली. संध्याकाळी ती घरी यायची तेव्हा भुवयांवर पांढरी धूळ बसलेली असायची. नवसाबाई डाव्या हातानं रेशनवरच्या परदेशी मिलो ज्वारीची भाकर थापायला बघायची. ते पीठ मुळातच चिकट नव्हतं, एका हातानं तर भाकर परातीतच फुटायची. मग कुसाबाई हात धुऊन पुढ्यात बसायची आणि पीठ आपल्याकडं ओढून घ्यायची. सुनेनं तव्याशेजारी नुसतं बसून राहायचं. नवसाबाईला तो घास उतरायचा नाही.

अंगठ्यात पू झाला तेव्हा ती नाशिकला आली. सरकारी दवाखान्यात पट्टी एक दिवसाआड करायची होती, म्हणून पंचवटीत मावसबहिणीच्या, तानुबाईच्या खोलीवर राहिली. तानुबाई एका कापडदुकानदाराच्या घरी धुणंभांडी करत होती. बसून काय करायचं म्हणून नवसाबाई एके सकाळी तिच्याबरोबर गेली, आणि मागच्या पडवीत चहा पीत असताना त्या दुकानदारानं, निवृत्तीशेठनं, तिला पाहिलं.

शेठ मऊ बोलणारा माणूस होता. त्यानं गाव विचारलं, शेत किती, नवरा काय करतो ते विचारलं. बोलता बोलता तो तिच्याकडं नीट बघत होता. तिचं रुपयाएवढं कुंकू, दुहेरी हाडाचं अंग, डोक्यावरून न ढळणारा पदर. मग तानुबाईकडं वळून म्हणाला, यांच्याकडं बघून कुणी म्हणणार नाही की या पोटासाठी गाव सोडून आल्यात. नवसाबाईला ते बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत तिच्याबद्दल कुणी चांगलं बोललं नव्हतं.

त्यानं काम देऊ केलं. हाताला जड काही नाही, मजुरी खडीपेक्षा जास्त.

"पण करायचं काय?" तिनं विचारलं.

"काही नाही," शेठ म्हणाला. "बसायचं."

दुकान भद्रकालीच्या बाजूला, रस्त्याला लागून होतं. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरी गादी, मागं लुगड्यांच्या चळती आणि वर लाल अक्षरांत पाटी: एकच भाव. नवसाबाईला अक्षर येत नव्हतं, पण त्या पाटीवर काय लिहिलंय ते तिला पहिल्याच दिवशी कळलं, कारण कुणी घासाघीस करायला लागलं की धोंडीराम नावाचा विक्रीचा माणूस पाटीकडं बोट करून ते मोठ्यानं वाचायचा. वाचता न येणारी बाई त्यानं गप्प व्हायची. इतर गिऱ्हाइकांसमोर आपल्याला वाचून दाखवावं लागलं, याचीच तिला लाज वाटायची.

सकाळी दुकान उघडायच्या आधी धोंडीराम चिठ्ठ्या करायचा. निळ्या शाईनं एक आकडा घालायचा, लाल पेन्सिलीनं तो खोडायचा आणि खाली दुसरा लिहायचा. एका बैठकीत, हात न थांबवता. नवसाबाईनं विचारलं, आधीचा भाव कधीचा? धोंडीराम हसला. म्हणाला, आत्ताचाच.

मधल्या चळतीतल्या लुगड्यांवर अडतीस खोडून एकोणतीस पंच्याण्णव होते. शेठनं तिला समजावून सांगितलं. तीस म्हटलं की बाई मनात तीस मोजते आणि उठते. एकोणतीस म्हटलं की बसते. वरचे पंच्याण्णव तिच्या कानात शिरतच नाहीत, आणि निघताना हातावर पाच पैसे परत ठेवले की तिला वाटतं काहीतरी वाचलं. डाव्या हाताला एक चोवीसवालं ठेवलेलं असायचं, मुद्दाम चुरगळलेलं, किनार उसवलेली. ते विकायला नव्हतंच. ते बघून बाईनं मधल्याकडं वळावं, एवढंच त्याचं काम. आणि सुरुवात नेहमी वरच्या फळीवरच्या साठवाल्यानं व्हायची. ते मांडीवर पसरून बाई घाबरली, की मग मधलं तिला हलकं वाटायचं.

नवसाबाईचं काम मधल्यापाशी होतं. दुकानाचं एक हिरवं, लाल काठाचं लुगडं तिला सकाळी मिळायचं. गठ्ठ्यांच्या आडोशाला ती आपलं फाटकं उतरवून ते नेसायची, डोक्याला तेल लावायची आणि गादीवर बसायची. खेड्यावरची बाई समोर आली, तिच्या मनात होय-नाही सुरू झालं, की धोंडीराम पेन्सिल कानावर खोचायचा. मग नवसाबाईनं, जणू आपल्याशीच, बोलायचं, की हेच लुगडं मागल्या साली मी अडतिसाला नेलं. एवढं बोलून एक उचलायचं, चोळीतून शेठनंच दिलेल्या नोटा काढायच्या, कागदात बांधलेलं बोचकं काखेत मारून बाहेर पडायचं. बांगडीवाल्यांच्या पुढून, गटाराच्या बोळातून वळसा घालून मागच्या दारानं परत. बोचकं सोडून लुगडं पुन्हा चळतीत.

पहिल्या दिवशी वाक्य तोंडातून निघालं तेव्हा तिच्या कानांच्या पाळ्या तापल्या. समोरची बाई तिच्याकडं इतक्या भरवशानं बघत होती. बोळात जाऊन ती भिंतीला टेकून उभी राहिली. पण आठवडा झाला आणि ते सोपं होत गेलं. तिचं तिलाच नवल वाटायचं. कुठं थांबावं, किनार कशी अंगठा न लावता बोटांवर उलटी करून बघावी, समोरचीनं विचारायच्या आधी आपण कसं बोलू नये, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दुष्काळी कामांचा पगार वाटला की दुकान भरायचं. अंगाला खडीची धूळ लागलेल्या बाया उंबऱ्याबाहेर पाय झटकायच्या आणि गादीच्या अगदी कडेला टेकायच्या. फाटक्या लुगड्यांनी त्या आल्या होत्या, दुसरं घेतल्याशिवाय त्यांना गत्यंतर नव्हतं. हे नवसाबाईला त्यांच्यापेक्षा जास्त कळत होतं. म्हणूनच तिचं बोलणं लागू पडत होतं.

दिवसभर मऊ बसून तिच्या पायांना मुंग्या यायच्या. त्या वेळी तिच्या डोळ्यांसमोर पोत्यावर बसलेली सासू यायची, आणि ती झटकन कुठल्यातरी लुगड्याची घडी घालायला घ्यायची.

घरी तिनं खरं सांगितलं नाही. दुकानाच्या सुट्टीला ती गावी गेली तेव्हा म्हणाली, शेठच्या सुनेचं तान्हं पोर सांभाळते. कुसाबाईच्या तळव्यांना भेगा पडून त्यांत काळं भरलं होतं. धुळीनं डोळे लाल झालेले. तिनं पोराची चौकशी केली. रडकं आहे का, नाव काय. नवसाबाईनं नाव सांगितलं, वाल्मीक. पोर गुणाचं आहे म्हणाली. आणि सांगताना तिला ते पोर खरंच दिसायला लागलं, त्याचं जावळ, त्याच्या पायातले वाळे, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

कुसाबाई तिच्या लुगड्याकडं बघत होती. खांद्यावर दोन ठिकाणी फाटलेलं शिवून दंड घातलेलं.

"मोठ्या घरात असं नेसून जाती?"

"चालतं तिथं."

"तान्ह्याच्या घरात फाटकं नेसून जाऊ नये," कुसाबाई म्हणाली, आणि विषय तिथंच राहिला.

चैत्रातल्या शेवटल्या पगाराला कामावरच्या बायांनी एक रिकामा परतणारा ट्रक धरला आणि त्या नाशिकला येऊन आपापल्या खरेदीला पांगल्या. नवसाबाईला त्याची वार्ता नव्हती. दुपारची वेळ होती, दुकानात गर्दी. ती रस्त्याकडं पाठ करून बसली होती, कारण उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती. मागं कुणीतरी गादीच्या कडेला येऊन टेकलं. धोंडीरामनं साठवालं उलगडलं, मग पंचेचाळीसचं, मग मधल्या चळतीतलं एक पुढ्यात टाकलं आणि खोडलेला आकडा वाचून दाखवला. त्या बाईनं हळू आवाजात काही विचारलं. धोंडीरामनं पाटीकडं बोट करून, एकच भाव, म्हणून वाचलं. आजूबाजूच्या एक-दोघी हसल्या. तिचा आवाज बंद झाला.

धोंडीरामनं पेन्सिल कानावर खोचली.

"ह्येच लुगडं," नवसाबाई चळतीकडं बघत म्हणाली, "मागल्या साली मी अडतिसाला नेलं. तेव्हा येवढा काठबी नव्हता."

मग लुगडं उचलायला ती वळली आणि समोर कुसाबाई बसलेली होती.

कुसाबाईनं तिला आधी ओळखलं नाही. सुजल्या डोळ्यांनी ती बोलणाऱ्या बाईच्या हिरव्या लुगड्याकडं, तेल लावलेल्या केसांकडं बघत होती, एखाद्या जाणत्या बाईकडं बघावं तशी. मग तिची नजर हातावर आली. पट्टी बांधलेल्या अंगठ्यावर. तिथून ती सावकाश वर चेहऱ्याकडं गेली.

नवसाबाईला उठायचं होतं. आत्या म्हणायचं होतं. पण शेठ गल्ल्यावरून बघत होता, धोंडीराम बघत होता, गादीवरच्या चार-पाच बाया बघत होत्या. तिनं पदर कपाळावर ओढला आणि खाली मान घातली.

 पंखा तेवढा फिरत होता. मग कुसाबाईनं ते लुगडं आपल्याकडं ओढलं. किनार उलटी केली नाही, कापड उजेडाला धरलं नाही. बाजारात जे जे ती करायची त्यातलं काहीच केलं नाही.

"टिकंल का हो बाई?" तिनं विचारलं. "माझ्या सुनंसाठी घेतीय."

अख्ख्या जन्मात कुसाबाईनं तिला अहोजाहो केलं नव्हतं.

"टिकंल," नवसाबाई म्हणाली.

कुसाबाईनं कमरेची पिशवी सोडली. घामानं ओल्या झालेल्या नोटा एकेक सुट्या करून तिनं गादीवर ठेवल्या. धोंडीरामनं बोचकं बांधलं आणि हसून तिच्या हातावर पाच पैसे टेकवले. तिनं ते पदराच्या टोकाला बांधले, बोचकं छातीशी धरलं आणि उंबऱ्याबाहेर जाऊन चपला शोधू लागली. तिला त्या लवकर सापडेनात. नवसाबाईला तिची पाठ दिसत होती. लुगडं मागून पार विरलेलं होतं, आतली कातडी दिसेल इतकं, आणि त्यावर खडीची पांढरी धूळ.

ती गेल्यावर नवसाबाई गठ्ठ्यांच्या आड गेली, हिरवं लुगडं उतरवून आपलं नेसली आणि शेठपुढं येऊन उभी राहिली. उद्यापासून येत नाही म्हणाली. शेठनं कारण विचारलं. तिनं सांगितलं. त्याला खरंच वाईट वाटलं.

"घरचं माणूस होतं तर खूण करायची, बाई. मी कमी केला असता."

"किती कमी?"

शेठ किंचित हसला. तेवढ्यात दारात नवं गिऱ्हाईक आलं आणि तो त्यांना या, बसा म्हणू लागला. नवसाबाई मजुरी घेऊन मागच्या दारानं बाहेर पडली. सवयीनं पाय मागच्या दाराकडंच वळले होते.

दुसऱ्या दिवशी ती घरी पोचली. संध्याकाळी कुसाबाई कामावरून आली, हातपाय धुतले, फळीवरचं बोचकं काढून तिच्या मांडीवर ठेवलं.

"नेस."

"आत्या, काल मी..."

"सकाळची भाकर हाय, ती खाऊन घे."

त्यापुढं कुसाबाईनं तो विषय काढू दिला नाही. नवसाबाईनं दोनदा तोंड उघडलं, दोन्हीदा म्हातारी उठून बाहेर गेली. शिव्या दिल्या असत्या, माहेरचा उद्धार केला असता, तर नवसाबाईला रडता तरी आलं असतं. ती मुकादमाकडं गेली. हातोडा धरवत नव्हता, म्हणून त्यानं तिला पाट्या उचलायला लावलं. फोडलेल्या खडीची पाटी डोक्यावर घेऊन ती दिवसभर ओळीच्या पुढून जायची, आणि दर खेपेला सासूच्या समोरून जावं लागायचं.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, काम बंद होतं. कुसाबाईनं तिला ते लुगडं नेसायला लावलंच. पाण्याचा टँकर यायचा होता, चावडीपाशी बाया हंडे मांडून बसल्या होत्या. नवं लुगडं बघून त्या जवळ आल्या, काठ चाचपू लागल्या. शेजारच्या शकुबाईनं विचारलं, कितीला पडलं?

नवसाबाईच्या आधी कुसाबाई बोलली.

"बावीसला आणलं. नाशकातनं."

बायांनी हं म्हटलं. कुसाबाईनं आणलं म्हणजे तेवढ्यालाच आणलं असणार, यात कुणाला शंका आली नाही. कुणीतरी म्हणालं, पुढल्या पगाराला आपणबी आणू. दुकान कोणतं, पाटी कसली, शकुबाईनं सगळं विचारून घेतलं. नवसाबाई हंडा घेऊन उगाच पुढं सरकली. तिनं सासूकडं पाहिलं. म्हातारी टँकरच्या वाटेकडं बघत होती, तोंडावर काही नव्हतं. मोठ्या बाजारात जाऊन तोंड न उघडता पैसे टाकून आले, हे तिला कुणाला सांगवत नव्हतं. का टाकून आले, ते तर त्याहून नाही.

पहिल्या धुण्यालाच त्या लुगड्याची खळ निघून गेली. वाळत घातलं तर पलीकडची भिंत दिसायला लागली. कुसाबाईनं ते उतरवलं, घडी केली आणि आत ठेवलं.

पुढल्या पगाराला शकुबाई आणि आणखी तिघी नाशिकला गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कामावर आल्या तेव्हाच त्यांच्या चालण्यात राग होता. कुसाबाई पोत्यावर बसून खडी फोडत होती. शकुबाई तिच्यासमोर येऊन उभी राहिली.

तिनं जे सांगितलं ते ओळीतल्या सगळ्या बायांना ऐकू गेलं. त्यांनी बावीस म्हटल्याबरोबर दुकानात हसू पिकलं होतं. कुठल्या राज्यातून आलात, असं त्या माणसानं विचारलं होतं. पाटी दोन वेळा वाचून दाखवली होती. घ्यायचं नसेल तर गादी मोकळी करा, म्हणाला होता. तिघी उठून बाहेर आल्या. शकुबाईला उठवेना. सगळी गादी तिच्याकडं बघत होती, आणि तशा नजरांतून रिकाम्या हातानं बाहेर कसं जायचं ते तिला कळेना. तिनं एकोणतीस पंच्याण्णव मोजले. भाच्याच्या वह्यापुस्तकांचे पैसे त्यात गेले.

"म्हातारे, तू लबाड बोललीस," शकुबाई म्हणाली. "येवढ्या वर्षांचा भरवसा म्हणून आम्ही गेलो. आमची शोभा करून घेतली तिथं."

कुसाबाईनं हातोडा थांबवला नाही. "आसंल. भाव वाढला आसंल," एवढंच म्हणाली.

"कसला वाढला? तिथं एक बाई बसली व्हती गिऱ्हाईक. चांगली घरंदाज, हिरवं लुगडं नेसलेली. ती म्हणली, मागल्या साली अडतिसाला नेलं मी. ती म्हणली म्हणून तर मला वाटलं..."

नवसाबाई पाटी घेऊन तिथंच पोचली होती. डोक्यावरची पाटी तिनं खाली ओतली. खडी पायांवर सांडली.

तिच्या जागी दुसरी बसली होती. शेठनं कुणालातरी शोधलं होतं. कदाचित तानुबाईलाच.

"कुसा लबाड निघाली," मागून कुणीतरी म्हणालं. आणखी दोघींनी री ओढली. एक म्हणाली, म्हणजे सिन्नरच्या बाजारातबी अशीच सांगत असंल. म्हातारीचा हातोडा दगडावर पडला, पण दगड फुटला नाही. निसटून बाजूला गेला. हात लांब करून तिनं तो पुन्हा पुढ्यात ओढला.

"आत्या लबाड नाय," नवसाबाई म्हणाली. "ती बाई गिऱ्हाईक नसती. तिला पगार देऊन बसवत्यात. तिच्याआधी मी बसत व्हते."

बायांना आधी कळलंच नाही. तिला सगळं सांगावं लागलं. पेन्सिल, हिरवं लुगडं, बोळातून वळसा, सगळं. तान्हं पोर नव्हतंच, हेही. बोलताना ती कुणाकडं बघत नव्हती. पायांवरची खडी बघत होती.

"आत्या आल्या तवाबी मीच बोलले तिथं. मला वळखून त्यांनी पैसं टाकलं. माझं काम जाऊ नाय म्हणून. घासाघीस केली नाय त्यांनी."

हातोडे सगळे थांबले होते. मुकादमानं लांबून हाक दिली, तरी कुणी हललं नाही. शकुबाई तिच्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा राग कुठं ठेवावा हे तिला समजत नव्हतं.

"मग खरा भाव किती त्याचा?" तिनं शेवटी विचारलं.

"मला ठाऊक नाय," नवसाबाई म्हणाली. "मला कधी सांगितलाच नाय."

शकुबाई थुंकली. नवसाबाईवर नाही, बाजूला, धुळीत. मग जाऊन आपल्या जागी बसली. हळूहळू हातोडे पुन्हा सुरू झाले. दुपारी सुकडी वाटताना नवसाबाईच्या मागंपुढं कुणी उभं राहिलं नाही. रांगेत तिच्या दोन्ही बाजूंना जागा तशीच मोकळी राहिली.

दिवस मावळताना सुटी झाली. बाया घोळक्यानं पुढं निघून गेल्या. कुसाबाईचे गुडघे धरले होते, म्हणून ती आणि नवसाबाई मागं राहिल्या. अर्ध्या झालेल्या रस्त्यानं दोघी चालत होत्या. पुढं बायांचं बोलणं ऐकू येत होतं, शब्द कळत नव्हते. मधूनच एखादी मान वळवून मागं बघायची.

बंधाऱ्याच्या कोरड्या पात्रापाशी कुसाबाई थांबली. उताराला तिला आधार लागला. नवसाबाईनं डावा हात पुढं केला. म्हातारीनं तो धरला, खाली उतरली, वाळूत उभी राहून दम घेतला.

"सांगायला नको व्हतंस तू," ती म्हणाली.

"तुमाला लबाड म्हणत व्हत्या."

"मला म्हणल्या असत्या तर काय झालं असतं? माझं कितीक राह्यलंय." तिनं पुढं गेलेल्या बायांकडं हनुवटी केली. "आता जलमभर तुला म्हणतील."

 वाळू अजून तापलेली होती, चपलांतून पायांना लागत होती. पलीकडचा चढ आला तरी म्हातारीनं धरलेला हात सोडला नाही, आणि गाव दिसायला लागल्यावर, चावडीपुढं बसलेली माणसं दिसायला लागल्यावर, तो आणखी घट्ट धरला.